कबिनीचे हत्ती आणि आजऱ्याचा टस्कर

शनिवार

पहाटे साडेचारला कोथरूड सोडलं. गाडीत दादा, वहिनी, त्यांची आठवीत गेलेली मुलगी आणि मी. मे महिन्यात पुण्याची माणसं महाबळेश्वरला पळतात आणि आम्ही उन्हातान्हाचं म्हैसूरच्याही खाली निघालो होतो. पण कबिनीचे हत्ती बघायचे तर हेच दिवस. कबिनी नदीवर १९७४ साली धरण झालं. पावसाळ्यात तुडुंब भरलेला हा जलाशय उन्हाळ्यात मागे मागे हटत जातो आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. बाकीचं जंगल तोवर वाळून करडं झालेलं असतं. मग एका काठाला नागरहोळे आणि दुसऱ्या काठाला बंदीपूर अशा दोन्ही जंगलांतले हत्ती या हिरव्या पट्ट्यावर उतरतात. आशियाई हत्ती इतक्या मोठ्या संख्येने एकत्र दिसावेत अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत भाची झोपली होती. खंबाटकीला जागी झाली आणि वही काढून बसली. "आत्या, कात्रजच्या झूमध्ये हत्ती खंदकापलीकडे असतो. तिथे आपण किती जवळ जाणार?" जवळ किती जाणार यापेक्षा एका जागी किती वेळ थांबायला मिळणार याची मला काळजी होती. तिला तसं सांगितलं, ते काही तिला फारसं पटलं नाही.

कराडला मिसळ, कोल्हापूर बाहेरूनच, निपाणी, बेळगाव, हुबळीला ज्वारीची भाकरी आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी. रस्ता छान आहे, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मुक्काम चित्रदुर्गला.

रविवार

हिरियूरला मोठा हायवे सोडला. नागमंगल, श्रीरंगपट्टण, म्हैसूर करत दुपारी एच. डी. कोटे तालुक्यात शिरलो. मुक्कामावर सामान टाकलं आणि लगेच दुपारची सफारी गाठली. वनखात्याची बस होती, खिडकीची जागा मिळाली.

तासाभरात पहिला कळप दिसला. रस्त्याच्या डाव्या हाताला घाणेरीच्या दाट जाळीत चार हत्तिणी आणि दोन पिल्लं. या घाणेरीने इथल्या जंगलाची जमीन व्यापून टाकली आहे, ती जिथे माजते तिथे हत्तीच्या खाण्याचं गवत उरत नाही. गाडी थांबली. मी दुर्बीण डोळ्याला लावते न लावते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे हाथी है, चलो चलो, टाइगर दिखाओ." पाठोपाठ आणखी दोघं-तिघं. गाडी हलली. उरलेला सगळा वेळ आम्ही वाघाच्या आणि इथल्या प्रसिद्ध काळ्या बिबट्याच्या मागे पळत होतो. वाघ बघावासा वाटण्यात काही गैर नाही, मलाही आवडतो. पण साठ वर्षं जगणारा, आपल्या माणसांना ओळखणारा, नवखं कुणी आलं की पिल्लाला पोटाखाली घेणारा प्राणी समोर उभा असताना अर्ध्या मिनिटात निघून जायचं, याचं मला फार वाईट वाटलं.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "उद्या अख्खी जीप घेऊ. महाग पडेल, पण तू जेवलेली तरी दिसशील." जीप ठरली. गाइडला सांगून टाकलं की आम्हाला वाघ नको, आम्हाला पाण्याकाठी नेऊन बसव. तो इथल्याच वाडीतला, जेनू कुरुबा समाजातला. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या माहूत झाले आहेत. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग मनापासून हसला.

सोमवार

सकाळची फेरी थंडीतच गेली. मेमध्येही पहाटे स्वेटर लागला. चितळ, गवे, एक मुंगूस. हत्ती दुपारी उतरतात, असं गाइडने सांगितलंच होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला त्याने जीप पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावली आणि इंजिन बंद केलं. समोर पसरलेला गवताचा पट्टा, त्यापलीकडे पाणी, पाण्यात उभी वाळलेल्या झाडांची खोडं. ही झाडं धरणाच्या पाण्यात बुडून मेलेली. पंधरा-वीस मिनिटं काहीच घडलं नाही. मग सागाच्या रानातून एक हत्तीण बाहेर आली. कडेलाच थांबली, सोंड वर उचलून तिचं टोक चहूकडे फिरवून वास घेतला. ती पुढे झाल्यावर मागून बाकीच्या आल्या. मोजल्या तर आठ, त्यांत तीन पिल्लं.

पुढचे दोन तास आम्ही तिथून हललो नाही, आणि त्या दोन तासांसाठी मी आयुष्यभर या माणसाची ऋणी राहीन.

सगळ्यात आधी त्यांचं खाणं. हत्ती गवत उपटून खातो एवढंच आपल्याला ठाऊक असतं. दुर्बिणीतून बघितलं तर त्यात केवढी कारागिरी आहे. सोंडेचा वेढा गवताच्या झुबक्याला घालायचा, मग पुढच्या पायाच्या नखांनी मुळाशी हळूच ठोकर द्यायची, म्हणजे झुबका सुटतो. तो तसाच तोंडात जात नाही. पायावर दोन-तीनदा आपटून मुळांची माती झाडायची आणि मग खायचं. या मातीने दाढा झिजतात, आणि हत्तीला आयुष्यात दाढांचे सहाच संच मिळतात. शेवटचा संच झिजला की म्हातारा हत्ती खायलाच असमर्थ होतो. ठोकर, वेढा, झटका, घास. आठही जणांचं हेच चाललं होतं, फक्त सगळ्यात लहान पिल्लाला ते जमत नव्हतं. ते सोंडेने एक काडी धरायचं, ती सुटायची, पुन्हा धरायचं. मग कंटाळून आईच्या पुढच्या दोन पायांमध्ये शिरलं, सोंड कपाळावर मागे टाकली आणि तोंडाने दूध प्यायला लागलं. हत्तिणीची आचळं पुढच्या पायांच्या मधे असतात हे भाचीला नवीन होतं. तिने वहीत चित्र काढून बाण दाखवला. पिल्लू आईच्या पोटाखाली आरामात मावत होतं, म्हणजे वर्षाच्या आतलं.

सर्वांत पुढची हत्तीण वयस्कर होती. कानाची वरची कड दुमडून खाली वळलेली, कपाळाच्या बाजूला खोल खळगे, सोंडेच्या मुळाशी आणि कानांवर गुलाबी ठिपके. वहिनी म्हणाल्या, "ही आजी. हिच्या हुकमावर सगळा कळप चालत असणार." पुस्तकांतून, टीव्हीवरून आपल्या मनात बसलेलं चित्र हेच. ते मुख्यतः आफ्रिकेच्या सव्हानातल्या हत्तींवरून आलेलं आहे. कबिनीत मात्र बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चच्या टी. एन. सी. विद्या आणि त्यांचे सहकारी २००९ पासून एकेक हत्ती कानावरून, शेपटीवरून, सुळ्यांवरून ओळखून त्यांच्या नोंदी ठेवत आहेत. त्यांच्या कामातून दिसलं ते असं: इथल्या हत्तिणींचं मोठं कूळ असतं, पण सगळं कूळ एकत्र फिरत नाही. ते लहान लहान गटांत विखुरतं. आज या गटात असलेली हत्तीण उद्या आपल्याच कुळातल्या दुसऱ्या गटात दिसते. गट फुटतात, जुळतात, पुन्हा फुटतात.

आणि ते आमच्या डोळ्यांसमोर घडलं. साडेचारच्या पुढे उजव्या बाजूने आणखी तीन हत्तिणी आल्या. आमच्या आजीने खाणं थांबवलं, कान फैलावले. मला वाटलं आता जुंपणार. पण नव्यांतली एक सरळ पुढे आली आणि आपल्या सोंडेचं टोक आजीच्या तोंडात घातलं. आजीनेही तेच केलं. मग सगळ्यांची एकच झुंबड. सोंडा एकमेकींच्या तोंडाला, गालाला, पोटाखाली. कुणी शेण टाकलं, कुणी चीत्कार केला. त्या गडबडीत एक घुमणारा आवाज छातीत जाणवला, कानाने ऐकला असं म्हणता येणार नाही. १९८४ मध्ये केटी पेन या संशोधिकेला अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याजवळ हवेत अशीच थरथर जाणवली होती. त्यातूनच कळलं की हत्ती आपल्याला ऐकू येणार नाही अशा खालच्या सुरात, २० हर्ट्‌झच्याही खाली, एकमेकांशी बोलतात. आम्हाला जाणवला तो त्या बोलण्याचा वरचा, आपल्या आवाक्यातला भाग असावा.

पंधरा मिनिटांनी सगळं शांत झालं आणि पुन्हा ठोकर, वेढा, झटका, घास सुरू. निघताना भाचीने पाहिलं की जाणारा गट सहाचा आणि राहिलेला पाचचा. आठ आणि तीनची अदलाबदल झाली होती. आजी नव्यांबरोबर गेली.

मंगळवार

आज बोटीतून. पाणी इतकं खाली गेलंय की नदीचा जुना प्रवाह ओळखता येतो. काठावर मगरी पडलेल्या, एका खोडावर सर्पपक्षी पंख वाळवत बसलेला.

वळणावर गाइडने हात वर केला, बोटवाल्याने इंजिन मंद केलं. काठाने एक टस्कर चालत होता, एकटाच. दोन्ही गंडस्थळांपासून काळी ओली रेघ गालावरून थेट जबड्यापर्यंत आलेली. मागचे पाय मुताने भिजलेले, कारण मस्तीत, म्हणजे नराच्या माजाच्या काळात, आलेला हत्ती थेंब थेंब मूत्र गाळत चालतो. मान उंच, हनुवटी आत, पाऊल लांब आणि ठाम. बोट बरीच दूर होती तरी वाऱ्यावर उग्र दर्प आला. वहिनींनी पदर नाकाला लावला.

पुढे पाण्याकाठी दुसरा एक नर पाणी पीत होता. अंगाने याच्यापेक्षा मोठा आणि सुळेही जाड. मस्तीतला दिसताच तो मोठा नर पाण्यातून बाहेर आला, पाठ फिरवली आणि रानात निघून गेला. धक्काबुक्की नाही, आवाज नाही. मस्तीच्या काळात शरीरातलं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढलेलं असतं, आणि तशा नराशी भिडणं परवडत नाही हे थोराड नरालाही ठाऊक असतं. लढाई टाळण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटली.

मग तो हत्तिणींच्या एका गटापाशी गेला. एकीने मूत्र टाकलं होतं तिथे थांबला, सोंडेचं टोक ओल्या मातीला लावलं आणि ते तोंडात वर टाळूला नेलं. टाळूत वास पारखणारं खास इंद्रिय असतं. हत्तीण माजावर आहे का हे तिथे कळतं. १९९६ मध्ये बेट्स रासमुसेन या संशोधिकेने आशियाई हत्तिणीच्या मूत्रातलं जे द्रव्य शोधून काढलं तेच कित्येक पतंगांच्या माद्या नराला बोलवायला वापरतात. इवलासा पतंग आणि हा अगडबंब देह, दोघांची हाक एकच! त्याने तीन जागी अशी परीक्षा केली आणि पुढे निघून गेला. हत्तिणींनी खाणंही थांबवलं नव्हतं.

इथला भोगेश्वर नावाचा प्रसिद्ध टस्कर मला बघायला मिळाला नाही याची चुटपुट लागून राहिली आहे. जमिनीला टेकतील इतके लांब, एकमेकांना छेदणारे त्याचे सुळे. जून २०२२ मध्ये तो म्हातारपणाने गेला. सुळे मोजले तेव्हा एक २.५४ मीटर भरला आणि दुसरा २.३४. इतके मोठे सुळे असूनही तो कधी कुणाच्या अंगावर गेला नाही असं इथली माणसं अजून सांगतात. आमच्या बोटवाल्याने त्याच्याबद्दल बोलताना आवाज उतरवला.

संध्याकाळी परतताना मात्र भांडण दिसलं. गवताच्या एका चांगल्या पट्ट्यावर चौघींचा गट चरत होता. पलीकडून नऊ जणी आल्या. कालच्यासारखी गळाभेट नाही. पुढची हत्तीण डोकं उंच करून थेट धावली, चौघींनी पिल्लाला मधे घेतलं आणि माघार घेतली. ही दुसऱ्या कुळातली. विद्या यांच्या चमूने कबिनीच्या गवतावर कुळाकुळांमध्ये अशी चढाओढ वारंवार नोंदली आहे. गवत जिथे भरपूर तिथेच भांडणं जास्त, कारण तेच राखण्यासारखं असतं. "म्हणजे काल ओळखीचे होते म्हणून भेटले," भाची म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिने ताडलं.

बुधवार

सामान बांधलं. निघण्याआधी मानंदवाडी रस्त्याने बळ्ळेपर्यंत जाऊन आलो. या भागाचं जुनं नाव काकनकोटे. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्यासाठी सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात खेड्डा सुरू केला. ढोल-ताशे बडवत कळपच्या कळप कोटात हाकलायचे आणि मग एकेकाला दोरखंडांनी जखडायचं. शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये याच काकनकोट्यात झाला. म्हैसूरच्या दसऱ्यात आठ वर्षं साडेसातशे किलोची सुवर्ण अंबारी वाहणारा अर्जुन याच रानातून १९६८ च्या खेड्ड्यात पकडलेला. बळ्ळेच्या हत्तीछावणीत तो राहायचा. डिसेंबर २०२३ मध्ये हासन जिल्ह्यात एका जंगली नराला पकडण्याच्या मोहिमेत त्या नराशी झुंजताना अर्जुन मेला. रानातून धरून आणलेल्या हत्तीला रानातल्याच हत्तीवर घालायचं, हे मला कसंही पाहिलं तरी क्रूर वाटतं. गाइडला विचारलं नाही. त्याच्या नात्यातले माहूत आहेत, त्यांची पोटं त्यावर आहेत आणि हत्तींवर त्यांचा जीवही आहे.

दिवसभर गाडी. रात्री उशिरा हुबळी.

गुरुवार

संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लजमार्गे आजऱ्याला वळलो. वहिनींचं माहेर इथलं. काका वाट बघत होते. घनसाळचा भात, आमटी, काजूची उसळ. भाचीने ताट पुढे येईपर्यंत सगळं कबिनी सांगून टाकलं. काका ऐकत होते, मग म्हणाले, "एवढ्या लांब कशाला गेलासा? आमच्यात उसात उभा असतोय की. परवाच्या रात्री आलावता."

दांडेलीच्या बाजूने दोडामार्गात हत्ती उतरले ते २००२ च्या सुमाराला. पुढे चंदगड, आजरा. ते कर्नाटकातून आले, कारण तिथे संख्या मोठी आहे (२०२३ च्या गणनेत एकट्या कर्नाटकात ६,३९५) आणि जंगलं मधे मधे तुटलेली. सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यात २०१५ मध्ये हत्ती पकड मोहीम झाली. तीन पकडले, त्यातले दोन दगावले. हत्ती उचलून नेला की प्रश्न मिटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो हिशेब एकदा बघावा.

काकांचं नुकसान खरं आहे. वीस गुंठ्यांतला ऊस आडवा, केळीचे गाभे सोलून खाल्लेले, पाण्याची पाइप फुटलेली. पंचनामा झाला, भरपाई येते पण वर्षाचा ऊस गेला तो गेला, आणि रात्री पाणी पाजायला शेतात जायची भीती वेगळीच. तरी काका त्याला शिवी देत नाहीत. "आला की आम्ही बॅटरी मारत न्हाई, फटाका लावत न्हाई. मागच्या साली पोरांनी टेंभे घेऊन घेरला तवा अंगावर आला. आता लांबनं हात जोडतोय, त्यो खातोय आन्‌ जातोय."

मी त्यांना सांगितलं की एकटे नर असेच पिकात उतरतात. हत्तींचे अभ्यासक रमण सुकुमार यांनी ऐंशीच्या दशकात दक्षिण कर्नाटकात आणि तमिळनाडूत अभ्यास करून दाखवलं होतं की हत्तिणींपेक्षा नर शेतात कितीतरी जास्त येतात. पिल्लं बरोबर असताना हत्तीण एवढा धोका पत्करत नाही. नराला मात्र कमी वेळात भरपूर सकस खाणं मिळालं तर अंग भरतं, मस्ती चांगली येते. काका म्हणाले, "म्हंजे पैलवानच की." आणि गालावर काळी रेघ दिसली तर त्या दिवशी शिवारात अजिबात जायचं नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं. त्यांनी रेघ पाहिली होती. तो घाम असेल असं त्यांना वाटलं होतं.

शुक्रवार

पुण्याला निघायच्या आधी काका आम्हाला शेतात घेऊन गेले. वळवाची सर पडून गेली होती. उसाच्या कडेच्या चिखलात पावलं स्वच्छ उठली होती. पुढच्या पायाचं गोल, मागच्याचं लांबट. गोल पावलाच्या तळाला भेगांची जाळी उमटलेली, आपल्या बोटांच्या ठशांसारखी.

भाचीला कबिनीच्या गाइडने एक गोष्ट शिकवली होती. पुढच्या पावलाचा घेर मोजून दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची कळते. तिने ओढणी काढली, गुडघ्यावर बसून पावलाच्या कडेने फिरवली आणि खूणगाठ मारली. काकांनी घरून लाकडी फूटपट्टी मागवली. ओढणी भरली चार फूट पाच इंच.

"आठ फूट दहा," भाची म्हणाली. "आजोबा, अजून वाढेल हा. तरुण आहे."

काका पावलाकडे बघत राहिले. रात्री बारा फुटांचा वाटला होता, म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडून वहीचं पान मागून घेतलं, त्यावर तारीख, शेताचं नाव आणि घेर लिहायला लावला आणि पान घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या वेळी वनरक्षक आला की त्याला दाखवायचं, आणि पुन्हा पाऊल दिसलं की तोच आहे की दुसरा हे मोजून बघायचं. ओढणी मात्र मोजायला परत लागेल म्हणून त्यांनी ठेवून घेतली.